डावीकडचा माणूस आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. पिवळं अंग, काळं बटण, मानेभोवती गुंडाळलेली कापडी पट्टी आणि तोंडावर गजराच्या घड्याळाची काच. ही काच माझ्या जन्माची नाही. माझ्या पोटातली तार माझी नाही, दिवाही माझा नाही. कारखान्यातून निघाले तेव्हाचं माझ्यात फक्त हे पिवळं प्लास्टिक उरलंय, आणि तेही उन्हात टाकल्यासारखं फिकं पडलंय. तरी मी स्वतःला मीच म्हणते. म्हणायला कोण अडवतंय?

खरं सांगते, मी फार स्वस्तातली होते. एका जाड पुठ्ठ्याला चिकटवून मला हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला अडकवलं होतं. पुठ्ठ्यावर चित्र होतं, माझ्या झोतात अख्खा डोंगर उजळून निघाल्याचं. प्रत्यक्षात माझ्या उजेडात शेजारच्या खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा धड दिसत नव्हता. चित्राकडे बघून मलाच लाज वाटायची.

मला उचललं ते मिस्त्रींनी. हे लिफ्ट दुरुस्त करणारे. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा दुसऱ्यांशी बोलताना "आमचे मिस्त्री" म्हणायची. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली जाते ना, तिथे भर दुपारीही मिट्ट काळोख असतो. त्या बोगद्यात, लिफ्टच्या टपावर उभं राहून, ते तारा आणि रूळ तपासायचे. एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात टॉर्च.

पण विकत घेतलेली टॉर्च तशीच्या तशी कामावर न्यायची म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. घरी एक लांब टेबल होतं. खिडकीच्या टोकाला बायको शर्टांची काज-बटणं करायची, भिंतीच्या टोकाला हे माझ्यासारख्यांची पोटं उघडायचे.

"आली का नवी पेशंट?" बायकोने मला बघून विचारलं.

"पेशंट नाही गं, पैलवान होणार आहे ही. बघच तू."

आणि त्यांनी मला खरंच पैलवान केलं. माझ्या शेपटीतल्या स्प्रिंगमधून वीज रडतखडत यायची, म्हणून त्यांनी स्प्रिंगच्या आतून तांब्याची तार ओढून दोन्ही टोकांना सोल्डर केली. वीज अडवण्यासाठी कारखान्याने घातलेला बारकासा रोधक होता, तो उपटून टाकला. गंजलेले पत्रे खोडरबरने घासून चकचकीत केले. मिणमिणता दिवा काढून तांब्याच्या चकतीवर नवा बसवला. माझ्या तोंडावरचं धुरकट प्लास्टिक फेकून दिलं आणि बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची काच घासूनपुसून लावली. मग बटण दाबलं. मित्रांनो, समोरच्या भिंतीवर असा पांढराशुभ्र गोल पडला, की बायकोने हातातली सुई खाली ठेवून कौतुकाने पाहिलं. त्या दिवशी मी जेवढी खूश होते तेवढी पुन्हा कधी झाले नाही.

कामावर मिस्त्रींचा जोडीदार होता लंबू, वयाने त्यांच्याच बरोबरीचा. तो वरच्या यंत्रखोलीतून लिफ्ट चालवायचा. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी खालून माझा झोत वर मारला, तर तो ओरडला, "अरे डोळ्यांत नको मारूस, आंधळा करशील मला."

दोघं खूप हसले. मीही मनातून फुगले. आता तो हसण्याचा आवाज आठवला की मला बरं वाटत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, कचेऱ्यांच्या एका सात मजली इमारतीत काम चालू होतं. मिस्त्री टपावर उभे होते. अचानक त्यांनी मान डावीकडे वळवली आणि वर हाक मारली, "लंबू, ठिणगी उडाली का रे कुठे?"

"नाही. का?"

"डाव्या अंगाला लख्ख झालं."

मी तर जागची हलले नव्हते. त्यांना वाटलं, माझाच कुठला तरी जोड ढिला झालाय. विजेच्या कामातल्या माणसाला जगात सगळीकडे ढिला जोडच दिसतो. घरी आल्याआल्या त्यांनी मला खोललं आणि सगळे जोड पुन्हा पक्के केले. माझ्यात काही बिघाड नव्हता हो. पण सांगणार कशी? मला एकच भाषा येते, लागायचं आणि विझायचं.

दोन दिवसांनी ते माझी काच पुसायला लागले. झोतात काळे ठिपके आणि केसासारखे दोरे तरंगतायत म्हणाले. शर्टाच्या बाहीने पुसली, फडक्याने पुसली, शेवटी स्पिरिटने पुसली. काच आरशासारखी स्वच्छ झाली. ठिपके तरंगतच राहिले.

आणि आठवड्याभराने तो माणूस आला.

चौथ्या मजल्यापाशी लिफ्ट थांबवून मिस्त्री रुळाला वंगण लावत होते. एकाएकी त्यांनी मला झटक्यात डावीकडे वळवलं. "कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं. मी बघितलं. विटांची भिंत, वंगणाचे ओघळ, लोखंडी रूळ. बाकी कोणीच नव्हतं. त्यांनी मला पुन्हा उजवीकडे नेलं आणि लगेच पुन्हा डावीकडे आणलं. त्यांचा हात घामेजला होता. माझ्या अंगाला तो घाम लागला, म्हणून मला कळलं की ते घाबरलेत.

कोणाला काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र लंबूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपल्या आधी इथे कोण होतं रे कामाला?"

"होता एक म्हातारा. इथेच पडून गेला म्हणतात. खरंखोटं देव जाणे." लंबू डबा पुसत म्हणाला. "का रे?"

"काही नाही. उगाच."

त्या संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा उघडलं. दुप्पट ताकदीचा सेल घातला. दुसऱ्या दिवशी माझ्या झोतात भिंतीवरची प्रत्येक वीट मोजता येत होती. तरी डावीकडे तो होताच. मग मिस्त्री स्वतःशीच म्हणाले, कडेला उजेड पोचत नाही, तिथेच तो दबा धरून बसतो. म्हणून त्यांनी माझ्या काचेला बारीक पॉलिश पेपर घासला, म्हणजे झोत चहूकडे पसरेल. पसरलाही. मी आता इतकी तापायचे की मला धरता येईना, म्हणून मानेला ही कापडी पट्टी गुंडाळली. मित्रांनो, मी जितकी प्रखर होत गेले, तितका तो जवळ सरकत गेला. आधी हातभर लांब असायचा, मग खांद्याला खांदा लावून उभा राहायला लागला. मी तर त्याला एकदाही पाहिलं नाही. पण रोज मिस्त्री ज्या जागेकडे बघून थबकायचे, ती जागा मलाही गार वाटायला लागली.

पुढे पुढे तर ते त्याच्याशी बोलायचे. अगदी अदबीने. "दादा, जरा बाजूला व्हा. तेवढं काम उरकू द्या."

घरी टेबलावर त्यांचा चहाचा कप दोनदा डाव्या कडेवरून खाली पडला. बायको म्हणाली, "लक्ष कुठे असतं हल्ली? दोन कप गेले, आता पेल्यात देते चहा." ते नुसतेच हसले.

सोळाव्या दिवशी ते घडलं. लिफ्ट सावकाश वर चालली होती. लिफ्ट वर जाते तेव्हा डाव्या भिंतीच्या कडेने लोखंडाचं मोठं वजन खाली येतं. पंचवीस वर्षं मिस्त्रींनी त्या वजनाला अंग चोरून वाट दिली होती, झोपेतही चुकले नसते. त्या दिवशी त्यांनी ते बघितलंच नाही. वजनाने त्यांची बाही धरली, टरकन फाडली आणि मला हातातून उडवलं. चार मजले मी भिंतींवर आपटत खाली गेले आणि तळाच्या तेलकट पाण्यात पडले.

पण मी विझले नाही. तांब्याच्या तारेचे जोड फार पक्के होते. तोंड वर करून मी पडले होते, आणि खालून मला लिफ्टच्या टपाची कड दिसत होती. तिथे मिस्त्री वाकून उभे होते. डावा हात पुढे करून ते हवेत चाचपडत होते, कोणाचा तरी खांदा शोधत असल्यासारखे. माझा सगळा उजेड त्यांच्यावर होता. बोगद्यात ते एकटेच होते, मित्रांनो. अगदी एकटे.

लंबूने लिफ्ट थांबवली, त्यांना उतरवलं, मला बाहेर काढलं आणि दोघांना घरी पोचवलं. दुपार होती. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. बायकोने काही न विचारता फाटकी बाही शिवायला घेतली. चार टाके झाल्यावर म्हणाली, "आता सांगा. आणि खरं सांगा."

त्यांनी सांगितलं. लख्ख झालेलं, ठिपके, तो माणूस, सगळं. ऐकता ऐकता तिची सुई थांबली.

"तो फक्त कामावरच असतो?"

मिस्त्री टेबलावरची बटणं गोळा करायला लागले.

"अहो, मी काय विचारतेय? आत्ता आहे?"

"आहे," ते म्हणाले. "तुझ्या मागे. खिडकीपाशी."

ती मागे वळली नाही. मिस्त्रींनी सवयीने मला उचलून तिच्या खांद्यावरून खिडकीकडे रोखलं. भर उन्हात माझा उजेड कुठे गेला तेही दिसलं नाही. जिथे उन्हानेच काही फरक पडत नव्हता, तिथे मी कोण?

आता ऐका. बायकोला एक सवय होती. काजाची शिवण सरळ आली का, हे बघायला ती नेहमी एक डोळा मिटायची. का कोण जाणे, तिला तेच सुचलं.

"डावा डोळा मिटा," ती म्हणाली.

त्यांनी मिटला. "गेला. अगं, गेला तो."

"आता तो उघडा आणि उजवा मिटा."

मिस्त्रींनी तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "आता तोच आहे. तू अर्धी दिसत नाहीस मला."

तिने सुई बाहीतच टोचून ठेवली आणि चपला घातल्या. दोघं तशीच डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. मी मिस्त्रींच्या खिशात होते. डॉक्टरीणबाईंनी एक बोटभर दिवा त्यांच्या डोळ्यांत धरला. माझ्यापुढे तो काहीच नव्हता. पण इतक्या दिवसांत मला जे दिसलं नाही, ते त्याला एका क्षणात दिसलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत आला होता. बाहेर कोणी उभं नव्हतंच.

"किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"सोळा."

"पहिल्यांदा लख्ख दिसलं ना, त्याच दिवशी यायला हवं होतं. इतके दिवस करत काय होतात?"

मिस्त्रींनी खिशावर हात ठेवला. "बॅटरी दुरुस्त करत होतो," ते म्हणाले.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला आता फक्त राखाडी उजेड कळतो. उजव्या डोळ्याच्या पडद्यालाही एक बारीक चीर सापडली, ती वेळेवर बंद केली. त्यावर लक्ष ठेवा, असं बाईंनी चारचारदा बजावलं.

मिस्त्री आता बोगद्यात उतरत नाहीत. घरीच टेबलापाशी बसून जोडीदारांच्या टॉर्चचा उजेड वाढवून देतात. पण त्या टेबलाला एक नियम आहे, आणि तो बायकोचा आहे. "उजेड कमी पडतोय" असं म्हणत कोणी आलं, की ती आधी त्याला एकेक डोळा मिटून समोरचं कॅलेंडर वाचायला लावते. लंबूनेही कुरकुर करत वाचलं. पाठ झाल्याशिवाय सोडत नाही बाई, म्हणाला. मगच त्याच्या टॉर्चचं पोट उघडलं गेलं.

मित्रांनो, मला सगळे शूर म्हणतात, चार मजल्यांवरून पडूनही विझली नाही म्हणून. मला ते कौतुक नको वाटतं. मी एकदा तरी विझायला हवं होतं. बंद पडले असते, तर त्यांनी मला बाजूला टाकून स्वतःकडे बघितलं असतं. मी मात्र दर वेळी थोडी आणखी उजळले, आणि त्यांचा आणखी एक दिवस खाल्ला. म्हणून एवढं मागते. तुमच्या घरात कोणी म्हणालं, की दिवा मंद झालाय, काच मळलीय, कोपऱ्यात कोणीतरी आहे, तर दिवा बदलायला धावू नका. आधी त्यांच्याजवळ बसा. एकेक डोळा मिटून बघायला सांगा. आणि लख्ख दिसलं म्हणाले, तर त्याच दिवशी त्यांना घेऊन जा.

मी आता खिडकीजवळच्या खिळ्यावर असते. रोज सकाळी चहाआधी बायको मला काढते, मिस्त्रींच्या समोर बसते आणि अंगठ्याने त्यांची डावी पापणी हलकेच मिटते. मग मला लावून त्यांच्या उजव्या अंगाला धरते.

"आहे का कोणी?" ती विचारते.

ते नीट बघतात. कधीकधी जरा जास्तच वेळ बघतात. तेवढा वेळ ती माझा गोल भिंतीवर धरून ठेवते. मीही त्या जागेकडे बघते. भिंत असते, कॅलेंडर असतं, बाकी काही नसतं. पण मला आधीही काही दिसलं नव्हतं.

"कोणी नाही," ते म्हणतात.

मग ती मला विझवते.