खोश रय्याल

माझ्या वर्गात 'खोश' म्हणायला बंदी होती. आता आमच्या बहारीनच्या मुहर्रकमध्ये हा शब्द न वापरता सकाळची दुपार करून दाखवा! चहा खोश, मासा खोश, शेजाऱ्याचा जावई खोश. आणि एखाद्याची सगळ्यात मोठी तारीफ करायची तर 'खोश रय्याल', म्हणजे भला माणूस. याच्या वरची पदवी आमच्याकडे नाही. पण मी होतो चोवीस वर्षांचा अरबीचा मास्तर, कैरोहून शिकून आलेला, आणि 'खोश' हा मूळचा फारसी शब्द आहे हे मला तिथे समजलं होतं. मग काय विचारता! ज्याच्या तोंडून तो निघेल त्यानं शुद्ध अरबी शब्द वीस वेळा लिहायचा. अर्धवट शिकलेल्या माणसाइतका तापदायक प्राणी दुसरा नाही. मी स्वतः तो होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

ही १९७० सालच्या वसंतातली गोष्ट. इंग्रज गाशा गुंडाळून निघायच्या तयारीत होता. समोरच्या किनाऱ्यावरचा इराणचा शहा म्हणत होता की बहारीन आमचंच. तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी माणसं पाठवली, की बाबांनो, बेटावर राहणाऱ्यांनाच विचारा त्यांना काय हवंय ते. मतपेट्या नव्हत्या. क्लबांना, मंडळांना, गावोगावच्या जाणत्यांना विचारायचं आणि त्यांनी समोर बसून तोंडानं सांगायचं. पुढे कळलं की जवळजवळ सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. बंदूक नाही, दगड नाही, एवढ्याशा बेटानं शांतपणे बसून आपलं म्हणणं जगाला ऐकवलं. मला माझ्या माणसांचा आजही अभिमान वाटतो. त्या वेळच्या स्वतःचा मात्र वाटत नाही.

आमच्या मोहल्ल्याच्या फनार क्लबलाही बोलावणं आलं. तीन माणसं पाठवा, असं पत्र होतं. क्लबचे अध्यक्ष बू सन्नद हे एकेकाळी मोत्यांच्या गलबताचे नाखवा. समुद्रानं डोळे गेले होते निम्मे, पण जीभ शाबूत होती. मी चिटणीस. त्यांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "लिही. मी, तू आणि हाजी गंबर."

हाजी गंबर म्हणजे आमचे तंदूरवाले. क्लब सुरू झाला तोच त्यांच्या पिठाच्या कोठीत, पोत्यांवर बसून. सगळा मोहल्ला त्यांच्या रोटीवर वाढलेला, आणि मासळीच्या काळपट रसात माखलेली त्यांची मह्याव्याची रोटी खायला तर पार राजधानी मनामाहून लोक यायचे. पण त्यांचे वडील समोरच्या किनाऱ्यावरून आलेले. अशा घराण्यांना आमच्याकडे अजम म्हणतात.

"बू सन्नद, ते अजम आहेत," मी म्हणालो.

"बरं मग?"

"तिथं विचारणार, शहाचं राज्य हवं की आपलं. अजम माणूस काय सांगेल?"

"काय सांगेल?"

"घरी फारसी बोलतात ते!"

"घरी मी बायकोशी काहीच बोलत नाही. मग मला मुका म्हणून नोंदवशील?"

मी ऐकतोय कसला! समितीची बैठक लावली. समितीत माझ्याच वयाची डोकी जास्त, सगळी तापलेली. गंबरांचं नाव चार विरुद्ध दोन मतांनी कापलं गेलं आणि त्या जागी समितीतलाच एक जण आला. यादीतल्या त्यांच्या नावावर रेघ मी माझ्या हातानं मारली, पट्टी लावून, सरळ.

बू सन्नद एवढंच म्हणाले, "ठीक. पण हाजीला सांगायचं तूच. रेघ मारलीस, आता तोंडही दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंदूरवर गेलो. बायाबापड्यांची रांग लागलेली. गंबर आत भट्टीशी ओणवे होऊन रोट्या थापत होते आणि खिडकीतून बाहेर देत होते. त्या खिडकीला सगळे 'दरीशा' म्हणत. मी मनातल्या मनात तेही शुद्ध करून घेतलं.

"हाजी, मनामाला जायच्या यादीत तुमचं नाव नाही."

रांगेतल्या माना आमच्याकडे वळल्या. गंबरांनी हातातली रोटी भट्टीच्या भिंतीवर थापली, मग वळले. "का?"

खरं कारण तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. "भाषेमुळे. तिथं शुद्ध अरबी लागेल."

"असं होय. मास्तर, तुझं नाव काय?"

"हे काय विचारणं झालं? शाहीन."

"म्हणजे काय?"

"ससाणा."

"कुठल्या भाषेत?"

रांगेत पुढेच उभ्या असलेल्या उम्म हिलाल फिदकन हसल्या. माझे कान तापले. शाहीन हा शब्द फारसी आहे हे मला माहीत होतं. वर्गात कुणी विचारू नये म्हणून मी देवाची प्रार्थना करायचो.

"तुझा आजा नज्दच्या वाळूतून आलेला, अस्सल अरब," गंबर म्हणाले. "त्यानं नातवाचं नाव फारसी ठेवलं. का? तर पक्षी खोश आहे म्हणून. त्याला नाही कुणी कशातून काढलं."

"हाजी, आज याची रोटी करपवूनच द्या!" उम्म हिलाल म्हणाल्या. "उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"रोटीनं काय पाप केलंय?" गंबर म्हणाले. सगळे हसले, पण ते हसत नव्हते. हात पुसत दरीशाजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझी आई इथं पुरली, शाहीन. दोन लेकरं पुरली. आजवर मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही कधी काही मागितलं नाही. आता विचारताहेत, जन्मात एकदा. नेमकं तेव्हाच मी भट्टीशी बसून राहू?"

रोटी न घेताच परत फिरलो. पण रेघ खोडली का? नाही. माणसाला लाज वाटली की तो सुधारतो असं म्हणतात. मी आणखी हट्टाला पेटलो.

ठरलेल्या दिवशी भाड्याची गाडी क्लबसमोर आली. पुढे बू सन्नद बसले होते. मागे बघतो तर इस्त्रीचा पांढरा झगा, डोक्याला नवा रुमाल आणि अंगाला पिठाचा वास. हाजी गंबर!

"तिसऱ्या माणसाला गाडी लागते," बू सन्नद रस्त्याकडे बघत म्हणाले. "म्हणून हाजींना घेतलं."

"कुणाला गाडी लागते?"

"जास्त बोललास तर तुला लागेल."

मनामाच्या पुलावर मी गंबरांच्या कानाशी लागलो. "हाजी, आलात ते आलात. पण तिथं खोश, दरवाजा असलं काही बोलू नका. दुभाष्या बैरूतकडचा आहे, त्याला कळणार नाही."

"बरं," ते म्हणाले. गाडीभर ते ओठ हलवत होते. वाक्य पाठ करत असावेत.

खोलीत पंखा, लांब टेबल, एक गोरा कारकून आणि कोट घातलेला दुभाष्या. आधी बू सन्नद बोलले. "आम्हाला आमचं राज्य पाहिजे. अरब राज्य. झालं." मग मी उठलो आणि सात मिनिटं पुस्तकी अरबीत बोललो. दुभाष्या खूश दिसला. बू सन्नदांनी मधेच एक डुलकी काढली.

मग गंबर. खुर्चीच्या टोकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिली दोन वाक्यं त्यांनी पाठ केल्यासारखी जपून म्हटली. आणि मग माणूस मनातलं बोलायला लागतो तसे बोलायला लागले.

"साहेब, मी तंदूरवाला. राज्यकारभारातलं मला कळत नाही, घरातलं कळतं. घराला आपला दरवाजा पाहिजे. शेजारी दरीशातून डोकावला तर त्याला चहा द्यावा, शेजारधर्म आहे. पण म्हणून घर त्याचं होत नाही. एवढं पाळलं तर खोश..."

दुभाष्यानं हात वर केला. "थांबा. हे गृहस्थ फारसीत बोलताहेत. फारसीचा दुभाष्या पलीकडे आहे, बोलावतो." आणि तो कारकुनाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला. कारकुनानं आमचा कागद बाजूला सारला आणि दुसरा पुढे ओढला.

गंबरांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यातला 'पर्शियन' हा शब्द आमच्या बेटावर कुणालाही कळला असता. ते बोलायचे थांबले. दुभाष्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलं ते माझ्याकडे.

रागानं पाहिलं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्या नजरेत राग नव्हता. 'बघ, तुझंच खरं झालं,' एवढंच होतं. मी जे त्यांना त्यांच्या दरीशाशी उभं राहून म्हटलं होतं, तेच आता बैरूतचा कोट म्हणत होता, आणि ऐकायला मला किती घाण वाटत होतं! मी ताडकन उभा राहिलो.

"फारसी नाहीये ते!"

"उस्ताद, दरवाजा फारसी आहे," दुभाष्या शांतपणे म्हणाला. "दरीशाही. आणि खोश तर नक्कीच."

"मला नका शिकवू! मी अरबी शिकवतो!"

"मग तुम्हीच सांगा, हे अरबी आहे?"

काय सांगणार? वर्षभर पोरांना वीस-वीस वेळा लिहायला लावलेलं डोळ्यांपुढे आलं. "आमचं आहे," मी म्हणालो. "माझी आई दरवाजा म्हणते. हे नाखवा म्हणतात. आख्खं मुहर्रक म्हणतं. तुमच्या पुस्तकात नसेल तर पुस्तकात लिहून घ्या!"

"दरीशासुद्धा लिहा," बू सन्नद डोळे न उघडता म्हणाले.

दुभाष्यानं कारकुनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे या गृहस्थांबद्दल तुम्ही खात्री देता? हे कोण, कसे?"

कैरोत शिकलेले सगळे भारी शब्द मी शोधायला गेलो, अन् एकही सापडेना. तोंडून निघालं ते एकच.

"खोश रय्याल!"

मग दुभाष्या म्हणाला, "उस्ताद, हेही अर्धं फारसीच आहे."

आधी बू सन्नदांचं पोट हलायला लागलं. मग गंबर हसले, डोळ्यांतलं पाणी रुमालाच्या टोकानं पुसत. दुभाष्यालाही हसू आवरेना. कारकुनाला काहीच कळलं नाही, पण त्यानं तो दुसरा कागद दूर सारला आणि आमचा पुन्हा पुढे घेतला.

"तर मी काय सांगत होतो," गंबर म्हणाले. "घर आमचं. किल्ली आमच्याकडे. ना इंग्रजाकडे, ना शहाकडे. आणि घरात आम्ही सगळे. एवढं लिहा."

दुभाष्यानं ते शब्दन् शब्द सांगितलं आणि कारकुनानं लिहून घेतलं.

शेवटी सह्या. बू सन्नदांनी केली, मी केली. गंबरांना लिहिता येत नव्हतं. शाईची पेटी पुढे आली. त्यांनी अंगठा दाबला, तर कागदावर नुसता काळा डाग. पुन्हा दाबला, पुन्हा डाग. चाळीस वर्षं भट्टीत हात घालून अंगठ्यावरच्या रेषा पार भाजून गेल्या होत्या. सगळ्या मोहल्ल्याच्या रोट्या भाजताना गेलेल्या त्या रेषा. मला ते अंगठे लहानपणापासून माहीत होते, पण मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

"यांचं नाव ओळखीच्या कुणीतरी लिहावं," दुभाष्या म्हणाला.

बू सन्नदांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "मार रेघ," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढे ओढली. लिहून झाल्यावर गंबर वाकून बघायला लागले. अक्षरं कळत नव्हती, तरी बोट फिरवत एकेक अक्षर निरखत होते.

"काय लिहिलंस?"

"तुमचं नाव. हाजी गंबर."

"आणि हे पुढचं?"

"मुहर्रकचे."

त्यांनी शाईचा अंगठा झग्याला लागू न देता बाजूला धरला आणि ते शब्द पुन्हा एकदा नीट पाहून घेतले.

"खोश," ते म्हणाले.

दुभाष्यानं या वेळी मान वर केली नाही.