नऊ पाकळ्या लसूण

वडखळच्या पुढे, अलिबागच्या रस्त्याला निकेत ठाकूरचं हॉटेल होतं. घरचे दोन ट्रक विकून त्याने ते चार वर्षांपूर्वी टाकलं आणि बाहेर ठळक अक्षरांत ‘घरगुती जेवण’ असं रंगवून घेतलं. आत मात्र राहुल आचारी एकाच लाल वाटणात सुरमई, कोंबडी, अंडी, सुके बोंबील अशी सगळी कालवणं उरकायचा. लोक मुकाट्याने जेवून जात. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी सुक्या बोंबलाचं कालवण चाखलं आणि जराही न रागावता वाटी बाजूला सारली.

“वाईट नाही हो,” त्या म्हणाल्या, “पण हे कुणाच्याच घरचं नाही.”

ते वाक्य निकेतच्या डोक्यातून जाईना. त्याने आधी आपल्याच आईला, चंद्राबाईंना गाठलं. “आये, तू सुक्या बोंबलात काय काय घालतेस, नीट सांग. लिहून घेतो.”

“जा असंल ता टाकाचा,” चंद्राबाई म्हणाल्या. “चिंच असली त चिंच, कैरी असली त कैरी. त्यान लिवाचा काय?”

आठवड्याभरात त्यांनी ते कालवण दोनदा केलं आणि दोन्ही वेळा ते वेगळं झालं. दोन्ही वेळा ते झकास होतं, म्हणून तर निकेत आणखीच चक्रावला. यातलं घरचं कुठलं? शेवटी बायकोला, नेत्राला गल्ल्यावर बसवून त्याने एक वही घेतली आणि गाडी काढली.

नागावला हेमाली नावाच्या बाई पर्यटकांना घरी जेवू घालत. त्यांनी ओल्या नारळाचं दाट, गुळगुळीत कालवण वाढलं. निकेतने भराभर लिहून घेतलं आणि सहज विचारलं, “तुम्ही स्वतः पण हेच जेवता ना?”

“छे हो! हे पाहुण्यांचं. त्यांना दाट लागतं,” हेमाली हसल्या. “आमचं आत वेगळं शिजतंय.”

आतलं मात्र त्यांनी दाखवलं नाही. निकेतने लिहिलेल्या पानावर काट मारली, मग ती काट बरोबर की चूक याचाच विचार करत तो रेवदंड्याला पोचला. तिथे खाडीकाठी कृष्णाबाई बोंबील सुकवत होत्या. नारळाचं नाव काढताच त्यांनी कपाळावर हात मारला.

“नारल? सुक्या बोंबलान नारल कोन घालतं रं? तुझे घरान घालतान?”

“माहीत नाही,” निकेत खरं तेच बोलला.

कृष्णाबाईंना त्याची दया आली असावी. कामाचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, की त्यांच्या सासूच्या वेळी इथे धोंडूबाई नावाची बाई मासळी वाळवायच्या कामावर यायची. दुपारी ती तीन दगडांवर जे कालवण करायची, त्याचा वास आला की मालकिणी आपलं जेवण सोडून तिच्याकडे जायच्या. आता ती श्रीवर्धनला मुलाकडे असते. सून तिथे शाळेत शिकवते.

आगरदांड्याला निकेतने गाडी फेरीबोटीत घातली. पलीकडे उतरून दुपारी तो श्रीवर्धनच्या एका छोट्या, स्वच्छ घरासमोर उभा राहिला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. धोंडूबाईंचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं, पण कंबर ताठ. त्यांची सून प्रज्ञा नुकतीच शाळेतून आली होती. निकेत कशासाठी आलाय हे ऐकून धोंडूबाई इतक्या हरखल्या, की लगेच चुलीपाशी बसल्या.

“लिव,” त्या म्हणाल्या. “लसणाच्या पाकळ्या नऊ. मसाला सपाट चमचा, वर ढीग न्हाय करायचा. आंबोशीच्या, वाळल्या कैरीच्या, फोडी तीन. तांदळाचं धुवण दोन पेले.”

निकेत थबकला. आईकडून तर ‘असंल ता टाकाचा’ एवढंच ऐकलं होतं. “आजी, इतकं मोजून?”

“मोजूनच! जास्ती हुतं कुठं?” धोंडूबाईंनी डब्यातून बोंबलाची डोकी आणि मोडके तुकडे काढले, भाजले, ठेचलेल्या लसणावर परतले. अर्ध्या तासाने निकेतने भाताबरोबर पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. तिखट, आंबट, पातळ कालवण. त्याच्या घरी असं कधीच झालं नव्हतं, तरी कुणाच्या तरी घरी बसल्यासारखं वाटत होतं.

“हेच!” तो म्हणाला. “आजी, हेच मी हॉटेलात ठेवणार.”

“काय नावाने?” प्रज्ञाने विचारलं.

“पारंपरिक... म्हणजे, आगरी-कोळी पद्धतीचं...”

“हे आगरी नाही, कोळी पण नाही. हे आमचं आहे.” प्रज्ञाचा आवाज चढला नव्हता. “आणि पारंपरिक म्हणजे काय, ते सांगते. चांगला बोंबील बाजारात जायचा. मोडका माल आणि डोकी आमच्या सासूबाईंच्या पदरात पडायची, मजुरीच्या जागी. नारळ नव्हता, म्हणून तांदळाचं धुवण. तुम्ही ते छान प्लेटमध्ये वाढणार आणि लोक फोटो काढणार. मला ते नको वाटतं, दादा.”

निकेतचा घास हातातच राहिला. तिचं बोलणं त्याला पटलं.

“ए, तू गप गं!” धोंडूबाई उसळल्या. “रांधलं मी, चव माझी. लिव रे बाबा, माझं नाव लिव. मोठ्या अक्षरात!”

“आई, तुम्हाला कळत नाहीये.”

“मला न्हाय कळत? उन्हात कोन उभं हुतं, तू का मी?”

तेही निकेतला पटलं. सासू-सुनेच्या मधोमध तो वही मांडीवर घेऊन बसून राहिला. उठावं की बसावं, हेही त्याला ठरवता येईना. निघताना त्याने प्रज्ञालाच विचारलं, “मॅडम, मग मी काय करू?”

“मला ठरवायला सांगू नका,” ती म्हणाली. “पण ठेवलंत तर आधी त्यांना खाऊ घाला. टेबलावर बसवून.”

पंधरा दिवसांनी, शाळेला सुट्टी होती त्या दिवशी, निकेतच्या बोलावण्यावरून दोघी हॉटेलात आल्या. नेत्राने त्यांना खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. राहुलने वहीतलं सगळं मोजून घातलं होतं, फक्त गिऱ्हाइकासमोर डोकी आणि तुकडे कसे ठेवायचे म्हणून निवडक अख्खे बोंबील घेतले होते. ते कळल्यावर निकेत त्याच्यावर चिडला, पण तोवर वाट्या बाहेर गेल्या होत्या.

धोंडूबाईंनी वाटीत पाहिलं. “अख्खा बोंबील?”

“चूक झाली, आजी. तुमच्यासारखं परत करून आणतो. अर्धा तास द्या.”

“थांब की.” त्यांनी एक घास खाल्ला, मग दुसरा, आणि म्हणाल्या, “ह्ये ब्येस हाय. मला बी असंच करायचं हुतं. पन अख्खा बोंबील कोन देनार हुतं?”

प्रज्ञा सासूकडे बघत राहिली. निकेतलाही कळेना, की तो ज्या चवीमागे एवढा फिरला ती चव ही बाईच टाकून द्यायला निघाली होती, की आजवर हुकलेली चव तिला आज मिळत होती.

धोंडूबाईंनी आणखी भात मागवला.

पुढे ते कालवण बुधवार आणि शुक्रवारी होऊ लागलं. कार्डावर ‘धोंडूबाईंचं कालवण’ एवढंच छापलं. ‘पारंपरिक’ हा शब्द निकेतने आधी घातला, मग काढला. त्या दिवशी सकाळी राहुल दर वेळी विचारतो, “शेठ, आज अख्खे घालू की तुकडे?” निकेत कधी हे सांगतो, कधी ते. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे अस्सल आहे का. निकेतने बराच विचार केला आणि म्हणाला, “एका बाईंचं आहे. खाऊन बघा.”