ठिपका दिसला की बटण दाब

इलाच्या तिसरीच्या वर्गात प्रत्येकाला वेश करून एक थोर व्यक्ती व्हायचं होतं. इलाने मराया मिचेल निवडली. १८४७ साली नँटकेट बेटावर, बँकेच्या छपरावरून दुर्बिणीने नवा धूमकेतू शोधणारी. त्या शोधासाठी एका राजाने दिलेल्या सुवर्णपदकाचं इलाला फारसं कौतुक नव्हतं. बारा वर्षांची मराया सूर्यग्रहणात वडिलांसाठी सेकंद मोजत होती, हे मात्र तिने मला तीनदा सांगितलं. "हर डॅड ट्रस्टेड हर, मम्मा."

डिसेंबरात आमच्या बॉथेल गावात पाचलाच काळोख होतो. त्या दिवशी पाऊस थांबून आकाश निवळलं, म्हणून पुठ्ठ्याची दुर्बीण घेऊन आम्ही पार्किंगमध्ये सराव करायला आलो.

"काय मिचेलबाई, काय काय दिसतंय?"

"वन स्टार."

तो शुक्र होता. "आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठले? इट्स जस्ट ब्लॅक."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिची हनुवटी धरून मान वळवली, बोटाने एकेक दाखवला. ती कंटाळली. घराकडे वळताना फुटपाथच्या कडेला अडखळली. नेहमीच अडखळायची, आणि मी नेहमीच ओरडायचे, खाली बघून चाल.

घरात आत्या मिचेलबाईंचा काळा झगा शिवत होती. माझी आत्या हीच माझी सासू. सहा महिन्यांसाठी आलेली. मी तिला पार्किंगमधलं सगळं सांगितलं.

"अगं, आमच्या माहेरच्या दिगंबरकाकांचं असंच होतं," ती सुई न थांबवता म्हणाली. "दिवेलागणीनंतर भिंत धरून चालायचे. गाजरं दे तिला."

मी फोनवर 'रातांधळेपणा, आनुवंशिक' असं शोधलं. अर्धंच वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला सात आठवडे लागले. फॉर्मवर प्रश्न होता: मुलीचे आईवडील रक्ताच्या नात्यातले आहेत का? माझा नवरा देवदत्त हा माझा आतेभाऊ. लग्नात सगळे म्हणाले होते, घरातली मुलगी घरातच राहिली. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेय. नात्यातल्या लग्नाचा धोका मला ठाऊक नव्हता असं नाही. आपल्याला काही होणार नाही, एवढंच वाटलं होतं. मी 'हो'वर खूण केली.

तपासणीच्या खोलीत अंधार होता. इलाने एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकवली. आत बारीक ठिपके उमटतात; ठिपका दिसला की बटण दाबायचं.

"लाइक कॉमेट्स!" इला खूश झाली.

मी मागच्या स्टुलावर होते. तिथून तिच्या डोक्यावरून अर्धगोल पार कडांपर्यंत दिसत होता. मधे ठिपका आला, टक्. पुन्हा मधे, टक्. मग डावीकडे एक उजळला. मी वाट पाहिली. तो विझला. उजवीकडे, वर, खाली. मला सगळे दिसत होते. माझी बोटं आपोआप मांडीवर दाबली जात होती. टेक्निशियनने ओठांवर बोट ठेवून मला बजावलं. बहुतेक माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं.

"मम्मा, आय गॉट ऑल ऑफ देम!" दिवे लागल्यावर इला म्हणाली. "एकपण मिस नाही केला."

"हो गं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा आत्याही पर्स सावरत उठली. "मी येणार. माझी नात आहे." मी तिच्यासाठी दार धरलं. देवदत्त रेडमंडच्या ऑफिसातून यायला निघाला होता, अजून वाटेतच होता.

डॉक्टरांच्या हातात इलाच्या नजरेचा नकाशा होता. मधोमध नाण्याएवढं पांढरं, भोवती सगळं काळं. तो बाजूला ठेवून त्यांनी माझा फॉर्म उचलला आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही आणि तुमचे पती फर्स्ट कझिन्स आहात?"

आत्याला एवढं इंग्रजी येत होतं. माझ्या आधी तीच पुढे सरकली.

"येस, येस!" तिचा चेहरा फुलून आला होता. माझा हात आपल्या हातात घेऊन तिने डॉक्टरांना दाखवला. "माय ब्रदर्स डॉटर. आय ओन्ली ब्रॉट हर."