कवड्या जेवत नाही

पालीचं शेपूट अजून वळवळत होतं. पाल वर, बरणीच्या गळ्याशी, काचेला पोट चिकटवून बसलेली, आणि तिनं टाकलेलं शेपूट खाली वाळूत एकटंच नाचतंय — टुणकन इकडे, टुणकन तिकडे — आणि साप त्याच्यावरून असा सरकला, जणू काडीच पडली आहे. थांबलासुद्धा नाही. जीभ तेवढी एकदा बाहेर आली, आत गेली.

"खा ना रे!" शकुंतला काचेला नाक लावून म्हणाली. "सकाळी सकाळी गोठ्याच्या आढ्यावर चढून धरली मी ती. गुडघा सोलला. खा!"

गोठ्यातल्या कोनाड्यात, काचेच्या बरणीत, आज त्याचा अकरावा दिवस. विटांच्या ढिगाखाली सापडला तेव्हा वीतभर होता, आजही वीतभरच. फक्त तेव्हा गोल होता आणि आता पाठीचा कणा वर आल्यासारखा दिसतो. काय नाही घातलं त्याच्यापुढे? बेडकाचं पिल्लू, नाकतोडे, गांडुळं. आईनं तर पहिल्याच दिवशी झाकणात दूध ठेवून हात जोडले होते, आणि ते दूध तसंच नासलं तेव्हा म्हणाली होती, "उपाशी जीव घरात ठेवू नाही, शके, त्याची हाय लागते." शकुंतला खो खो हसली होती. हाय! विज्ञानात शंभरापैकी ब्याण्णव मिळवणाऱ्या मुलीला कुठे हाय लागते?

गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उभं राहून नाव सांगतानासुद्धा ती अडखळायची. चार मुली आणि पस्तीस मुलगे, म्हणजे मुलग्यांचेच सत्तर डोळे. आणि गेल्या सोमवारी — तीच शकुंतला, तोच वर्ग — साप डाव्या मनगटाला गुंडाळून फळ्यापुढे उभी होती. "हा कवड्या. मण्यारीसारखा दिसतो म्हणून बिचाऱ्याला लोक ठेचतात. पण हा बिनविषारी." मागच्या बाकांवरचे टगे पाय वर घेऊन बसले होते, पाय वर! विज्ञानाचे खेडकर सर "शाब्बास" म्हणाले. कुठून म्हणाले बरं? दारातून. आत का नाही आले... आले असतील की. आपल्याला आठवत नाही, एवढंच.

तिनं पाल सोडून दिली, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि पळत शाळा गाठली.

परवा, शनिवारी, शाळेत विज्ञान प्रदर्शन. जिल्हा परिषदेचे साहेब येणार, आणि एक अख्खं टेबल एकट्या शकुंतलेचं. शाळेतल्या मुलींना तिनं शब्द दिला होता : प्रत्येकीच्या हातात एकेक मिनिट साप देईन. वहीच्या मागच्या पानावर चौदा नावं झाली होती. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या दोघी मागेच लागल्या, "ताई, आमचंबी लिव्हा ना!" — सोळा. दुपारी तिनं बरणीपुढे बसून काढलेलं आपलं चित्र सापांच्या तक्त्याशेजारी लावलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं. तक्त्यावरच्या कवड्याशी हुबेहूब जुळत होतं! घरी येईपर्यंत ती गुणगुणत होती.

परसातल्या वांग्याच्या वाफ्यात खुरपणीला आलेली बेबीताई तिला पाहून उठली. "काय बाई, जेवला काय तुहा पाहुणा?"

"कुठचा! पालसुद्धा नाही खाल्ली."

बेबीताईचं हसू तिथंच राहिलं. "पाल नाही खाल्ली? पोरी, कवड्या तं पालीपायी आढ्यावर चढते." ती गोठ्याच्या दारापर्यंत आली, पुढे नाही. बरणीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "मले तं हा कवड्या वाटून नाही राह्यला."

"तुला काय ग कळतं? शाळेत तक्ता आहे."

"हाव ना. तक्ता चावत नाही, माय." बेबीताईनं खुरप्याचं पातं पुढे केलं. त्यावर मातीत घोळलेला वाळा होता. गांडुळाएवढा, आंधळा, चकाकणारा साप. "हा आत्ताच निंघाला. बरणीत टाकून पाह्य. कवड्या याच्याकडं ढुंकून पाह्यणार नाही. मण्यार असली तं सोडणार नाही. ते सापच खाते. माह्या काकाले निजेत चावली — ना सूज, ना रगत. सकाळी उठलाच नाही." मग वाफ्याकडे वळताना, "खाल्लं तं आवाज देजो. खुरपं माह्या हातातच हाय."

करवंटीत वाळा वळवळत होता. शकुंतला बरणीपुढे बसली. खाणार नाही. खाल्लं तर बरं होईल, अकरा दिवसांचा उपाशी जीव... नको, नको खाऊ रे. चित्र काढताना हा असाच समोर होता, ओल्या पाटीसारखा काळा. आणि मी कागदावर तपकिरी रंग घासत होते, कारण तक्त्यावर कवड्या तपकिरी होता. तक्त्यावर कवड्याचे पट्टे मानेपासून होते, आणि याच्या मानेमागं दोन बोटं जागा कोरी होती — दिसली होती, दिसली नव्हती असं कसं म्हणू? — लहान आहे, उमटतील पुढं, असं म्हणून मीच दोन पट्टे जास्तीचे काढले. शेजारी मण्यारीचं चित्र होतं. तिथं ती जागा कोरीच होती.

तिनं फडक्याचं एक टोक उचललं आणि करवंटी उपडी केली.

काहीच झालं नाही. वाळा वाळूत डोकं खुपसू लागला. वाफ्यातून खुरप्याचा आवाज येत होता, कुठंतरी बैल मान हलवत होता, आणि तिला हायसं वाटू लागलं होतं — अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्या मनाला ते जराही आवडलं नव्हतं — तेवढ्यात अकरा दिवस दोरीसारखा पडलेला तो साप वळला आणि त्यानं वाळ्याला मधोमध धरलं. घाई नाही. चावत चावत जबडा डोक्याकडे सरकला. वाळ्याची शेपटी त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली, सैल पडली, आत गेली.

खाल्लं! तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खाल्लं, खाल्लं... आणि मग डावं मनगट गार पडलं. सोमवारी तो बाहीत शिरला होता. डोकं कोपरापाशी, उबेला, किती तरी वेळ. मी बोलत होते.

"शकू! खाल्लं काय वो?"

"नाही ग बेबीताई," ती म्हणाली. "तोंडसुद्धा नाही लावलं."

आवाज कापेल म्हणून ती वाट पाहत होती. कापला नाही.

"मंग बरं झालं, माय. जीवात जीव आला." खुरपं पुन्हा चालू लागलं, खस्, खस्, निर्धास्त. उद्या सांगू. शनिवारच्या आत केव्हाही सांगता येईल. काचेआड तो फुगवटा मानेखालून हळूहळू मागं सरकत होता, आणि त्याच्याकडे पाहता पाहता शकुंतलेला जाणवलं, की लाज वाटायला हवी, भीती वाटायला हवी, त्या आत कुठंतरी असतीलही. पण त्यांच्यावरून एक ऊबदार, जड समाधान अंगभर पसरत चाललं आहे — मण्यार जेवली, आणि हे फक्त मला ठाऊक आहे.