मंत्र्यांची वाट न बघता

कृष्णेचं पाणी वेशीच्या आत आलं, त्याच दिवशी रुद्राणीनं अंगणवाडीतले तांदूळ-डाळीचे डबे माळ्यावर चढवले आणि दाराला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव जयसिंगपुरात, एका हायस्कुलाच्या वर्गांत येऊन पडलं. माणसं तीनशेच्या वर. अंगणवाडीत वीस वर्षं पोरांना खिचडी घातलेली बाई म्हणून तलाठ्यांनी स्वयंपाकाचं सगळं तिच्यावर टाकलं. तिनंही आढेवेढे न घेता पदर खोचला.

तिचा हट्ट एकच, जेवण बाराला. धारा काढायच्या नाहीत, रानात जायचं नाही, बाजार नाही. नुसतं बसून माणूस खचतो. निदान ठरल्या वेळेला ताट पुढ्यात आलं, तर दिवस मोडल्यासारखा वाटत नाही. पहिले चार दिवस बारा वाजले की पंगत बसायची.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला गणपतराव आले. पक्षाचे तालुक्यातले जुने कार्यकर्ते; इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन फोन.

"बाई, आज मंत्रीसायब येत्यात. सोताच्या हातानं वाढणार हाईत. तवर पंगत बसवू नका."

"किती वाजता?"

"साडेबाराला. कोल्हापुरातनं निघाल्यात बी."

अर्ध्या तासाचं काय एवढं, असं म्हणून रुद्राणीनं मान डोलावली. पण तिथंच एक गोष्ट तिच्या ध्यानातून गेली. म्हाताऱ्या चिमणाबाईला शुगर होती. नर्सबाई रोज जेवणाआधी पावणेबाराला येऊन तिला इन्सुलिन टोचायच्या. त्या दिवशीही वेळेवर आल्या, इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या छावणीकडं निघून गेल्या. जेवण लांबलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

साडेबारा वाजले, एक वाजला. भात निवत चालला होता. आमटीचा वास सगळ्या वर्गांतून फिरत होता. सांगलीच्या रस्त्यावर पाणी आलंय, साहेबांच्या गाड्या वळसा घालून येतायत, असं गणपतराव फोन कानाला लावून सांगत होते. सव्वाच्या सुमाराला चिमणाबाईच्याच वर्गातली धोंडुबाई धावत आली.

"आक्का, चल बघू जरा. चिमणाबाई कायबाय बोलाय लागलीया."

सातवी 'ब'च्या वर्गात चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ घामानं भिजलेलं, हात थरथरत होते. रुद्राणीला बघून म्हणाली, "म्हशीला पाणी दावलंस का ग?" म्हैस सहा मैलांवर माळावर बांधलेली होती.

रुद्राणीनं आधी साखरेचं पाणी घोट घोट करून पाजलं. मग ताटलीत आमटी-भात कालवून आणला आणि आपल्या हातानं भरवला. दहा-पंधरा मिनिटांनी म्हातारीचे डोळे ठिकाणावर आले. "आक्का, तू व्हय?" म्हणाली. धोंडुबाईनं पदरानं आपलंच तोंड पुसलं.

रुद्राणी उठली. बाहेर ओसरीवर माणसं भांड्यांकडं बघत गप बसली होती. त्यांच्या घरातल्या चुली बुडाल्या होत्या, आणि इथं शिजलेलं अन्न समोर ठेवून त्यांना ताटकळायला लावलं होतं. ते आपणच लावलं होतं, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

"ताटं मांडा," ती म्हणाली.

गणपतराव पळत आले. "काय करतासा बाई? म्हातारीला दिलंसा, बरं केलंसा. बाकीच्यांना काय झालंय?"

"भूक लागलीया."

"आनि सायबांनी येऊन काय वाढायचं?"

"आल्यावर बघू की."

"मी काय सांगू त्यास्नी?"

"माझं नाव सांगा."

आवाज तिनं चढवला नाही. तिनं पळी उचलली. अंगणवाडीची नोकरी मानधनाची. वरून एक शब्द आला तर ती टिकेल की नाही, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिनं शेवटच्या माणसापर्यंत वाढलं.

मंत्री आले तेव्हा पावणेतीन झाले होते. बायका पातेली घासत होत्या. मागून कॅमेरेवाले आत शिरले आणि रिकाम्या ओसरीकडं बघत उभे राहिले.

"सायब, या बाईनी..." गणपतरावांनी सुरुवात केली.

"मीच सांगते," रुद्राणी म्हणाली. इंजेक्शनपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुमचा मान ठेवायचा हुता सायब. पर माणसं उपाशी ठेवून न्हाय ठेवता आला."

मंत्री चिमणाबाईच्या वर्गात गेले, तिच्यापुढं उकिडवे बसले. म्हातारीनं त्यांना ओळखलं नाही.

"पावणं, कुठनं आलासा?"

"कोल्हापुरातनं, आज्जी."

"जेवलासा का न्हाय?"

"न्हाय अजून."

"मग आक्काला सांगा की, असंल कायतरी तळाला."

माणसं हसली, आणि मंत्रीही. तळाला खरंच थोडा भात होता. तो आमटीत कालवून भिंतीला टेकून ते जेवले. जेवता जेवता त्यांनी कमी काय आहे ते विचारलं. शेजारचे अधिकारी यादी वाचू लागले: बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या.

"बिस्किटं लई झाली," रुद्राणी मधेच म्हणाली. "वैरण द्या. जनावरं माळावर उपाशी हाईत. गडी रोज कमरंएवढ्या पाण्यातनं जात्यात त्यास्नी बघायला. एखादा वाहून गेला म्हंजी?"

मंत्र्यांनी तिथंच फोन लावला. उद्या कडबा पोचेल म्हणाले. जाताना गणपतरावांना सगळ्यांसमोर बजावलं, "माझ्यासाठी कुणाचं जेवण अडवायचं नाही." ते मनापासून बोलले की कॅमेऱ्यासाठी, हे रुद्राणीला कळलं नाही. तिनं त्यावर फार विचारही केला नाही.

कडबा दुसऱ्या दिवशी आला नाही. तिनं अधिकाऱ्यांना दोनदा फोन केला. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रक आले, अर्धा कडबा भिजलेला. पण आला. बोटीनं माळावर पोचला, आणि गड्यांचं पाण्यातून जाणं थांबलं.

गणपतराव तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, उद्या दुसरं एक सायब येणार हाईत. त्यास्नी बी वाढायचं हाय." जरा थांबून म्हणाले, "कितीला या म्हणू?"

"बाराच्या आत. मी कुणाला थांबवणार न्हाय."

"न्हाय, न्हाय. तसंच सांगतो."

ते साहेब साडेअकरालाच आले. बाह्या सरसावून त्यांनी दोन पंगतींना भात वाढला. हाताला सवय नव्हती, थोडा सांडला. चिमणाबाईनं त्यांच्याकडून दोनदा मागून घेतला.