साहेबांच्या गुडघ्यांखाली

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं तापलेलं आहे. सतरंजीला कुठलं डोकं, असं म्हणून हसू नका. आधी ऐकून घ्या.

एका म्हाताऱ्या विणकराने मला मागावर विणलं. ते त्याचं शेवटचं काम. त्याच्या मुलीला नगरपालिकेत टेलिफोनवर नोकरी लागली, तेव्हा त्याने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बस हिच्यावर. फरशी गार असते."

सगळे तिला ताई म्हणत. दिवसभर ती लोकांच्या तक्रारी ऐके. नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, दिवा गेला. जेवणाच्या सुट्टीत ती दार लोटून मला कपाटामागे अंथरी, गुडघे टेके आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी प्रार्थना करी. ओठसुद्धा हलत नसत. मग मला झटकून, घडी घालून पुन्हा कामाला बसे. वर्षानुवर्षं कुणाचं काही बिघडलं नाही.

मग नवे नगराध्यक्ष आले. एकदा फिरत फिरत ते टेलिफोनच्या खोलीत डोकावले.

"ताई, हे काय? देवधर्म घरी ठेवून यायचा. हे सगळ्यांचं ऑफिस आहे."

"सुट्टीतच करते, साहेब."

"नियम म्हणजे नियम."

शिपायाने मला अडगळीच्या खोलीत नेऊन टाकलं. ताई पुन्हा कामाला बसली. मलाही वाटलं, नियम सगळ्यांना सारखा असेल, तर आपली कुरकुर कशाला? धूळ खात पडून राहिले.

निवडणूक जवळ आली. साहेब देवाला मानत नाहीत, अशी कुजबुज विरोधकांनी सुरू केली. झालं! एके दिवशी भर कामाच्या वेळेत खिडक्या बंद झाल्या, रांगेतल्या लोकांना बाहेर थांबवलं आणि मोठ्या दालनात साहेबांच्या प्रार्थनेची तयारी सुरू झाली. नवाकोरा गालिचा आला. फोटोग्राफरने नाक मुरडलं.

"फार श्रीमंती दिसतेय. काहीतरी साधं, वापरलेलं नाही का?"

शिपायाला मी आठवले.

साहेबांनी माझ्यावर गुडघे टेकले आणि डोळे मिटले. "साहेब, मान थोडी खाली. हां, पुन्हा एकदा." साहेबांनी पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्यांदा मिटल्या डोळ्यांनीच पुटपुटले, "आला का नीट?" देवाशी ते एवढंच बोलले. पलीकडच्या खोलीत फोन खणखणत होते आणि ताई एकटीच ते उचलत होती.

गर्दी पांगल्यावर ती दालनात आली.

"साहेब, ही माझी सतरंजी. वडिलांनी विणलेली. घेऊन जाऊ?"

साहेब गोड हसले. "ताई, आता ही साऱ्या गावाची झाली."

"मग उद्या सुट्टीत मी हिच्यावर बसू?"

साहेबांनी सचिवाकडे पाहिलं. सचिव म्हणाला, "ऑफिसात चालत नाही ना, ताई. माहीत आहे की तुम्हाला."

ताईचे कान लाल झाले. तिने खाली वाकून माझी कड धरली. सचिवाने दुसरी धरली. ओढाताण झाली, माझे जुने धागे करकरले. तो आवाज ऐकताच ताईने हात सोडला.

"राहू दे. फाटेल," ती म्हणाली आणि गेली. वाजणारा फोन तिने लगेच उचलला. "नमस्कार, नगरपालिका."

साहेब निवडून आले. मी प्रवेशद्वारापाशी काचेच्या पेटीत आहे. "साहेबांच्या श्रद्धेची साक्षीदार" अशी पाटी आहे. साक्षीदाराला मात्र कुणी काही विचारत नाही. ताई रोज समोरून जाते, पण माझ्याकडे बघत नाही. तिचा नवरा आता उठून बसतो, असं शिपाई कुणालातरी सांगत होता. गार फरशीवर टेकून टेकून तिचे गुडघे सुजलेत, असंही म्हणत होता. सुट्टीत ती हल्ली दाराला आतून कडी लावते.

मित्रांनो, मला नमस्कार करू नका. माझ्यासोबत फोटो काढू नका. तुमच्यापैकी कुणी उद्या मोठ्या खुर्चीवर बसलं, तर एवढंच करा: ही पेटी उघडा, मला दोनदा झटका आणि ताईच्या खोलीत नेऊन द्या. आणि बाहेर येताना दार लोटून घ्या.