बेहडवाडीचं पुलपिट

मी बोलतोय, पण माझं बोलणं कुणापर्यंत पोचेल याची खात्री नाही. दाराला बाहेरून कुलूप आहे. कुलपावर कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर लाखेचं सील मारलंय. आत अंधार आहे, उंदरांची खुडबुड आहे आणि मी आहे.

मी एक पुलपिट. प्रार्थनेच्या जागी पाळक ज्याच्यामागे उभं राहून उपदेश करतो, ते उभं लाकडी टेबल म्हणजे मी. भिवपुरीच्या वीजघराला वळसा घालून डोंगराकडे चढत गेलं, की तासाभराने बेहडवाडी लागते. वाडी ठाकर आदिवासींची. पन्नासेक घरं, त्यातली चौदा घरं प्रार्थनेला येणारी, बाकीची आपल्या जुन्या देवांना मानणारी. या चौदा घरांनी मिळून बांधलेल्या पत्र्याच्या हॉलमध्ये मी सतरा वर्षं उभा आहे.

जन्म माझा चौक गावचा. जुन्या हायवेला लागून चंदर मिस्त्री टेंपोच्या बॉड्या बांधायचा. एका दुपारी एक उंच, सडपातळ माणूस मोटरसायकलवरून आला. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ते पास्टर शांतवन पाटोळे. मूळचे नगरकडचे. देवाची सेवा करायची म्हणून तरुणपणीच घर सोडून या डोंगरात आले आणि इथलेच झाले.

मिस्त्रीने माप घेतलं आणि विचारलं, "पास्टर, याच्यामागं कोण उभं र्‍हाणार?"

"देवाने ज्याला वचन सांगायला नेमलंय तो."

"आन् म्होरं बसल्यात त्यांनी कवा बोलायचं?"

"साक्षीच्या वेळी. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. पण खालून, बसल्या जागेवरून."

चंदर मिस्त्री बौद्ध. देव-बीव काही मानायचा नाही. तो नुसता हसला आणि माझ्या अंगावर रंधा फिरवत राहिला. पण काम त्याने मन लावून केलं. एका जुन्या सागवानी दाराची फळी माझ्या माथ्याला लावली. ती आजही वाकलेली नाही.

पास्टर माणूस कडक. त्यांच्या मंडळीत, म्हणजे प्रार्थनेला येणार्‍या घरांत, दारू नाही, पत्ते नाहीत, लग्नात नाच नाही. बायका डोकं झाकून डावीकडे, पुरुष उजवीकडे. माझ्यामागे फक्त पुरुषाने उभं राहायचं, बाईने नाही, हा नियमही त्यांचाच. लोक त्यांना भ्यायचे, पण नुसत्या भीतीने कुणी सतरा वर्षं येत नाही. लडकू दारूने मरायला टेकला होता, तेव्हा हेच पास्टर अकरा दिवस त्याच्या झोपडीत राहिले. त्याची ओकारी आपल्या हाताने काढली. बाराव्या दिवशी लडकू उठून बसला आणि पुढे मंडळीचा वडील, म्हणजे पास्टरांच्या हाताखालचा कारभारी, झाला. अशा माणसाच्या तोंडून 'नाही' आलं, तर ते लोकांना आपल्या भल्याचं वाटणारच.

रोज पहाटे पास्टर एकटे हॉलमध्ये यायचे. माझ्या माथ्यावर कपाळ टेकवायचे आणि देवाशी मोठ्याने बोलायचे. मी सगळं ऐकायचो. "प्रभू, पुढारी म्हणजे आधी वाकणारा. मला वाकायला शिकव." असं किती वेळा म्हणाले असतील! राजकारणाचं नाव काढलं की मात्र त्यांच्या आवाजात कडूपणा यायचा. "माझ्या लोकांना त्या चिखलात उतरू देऊ नकोस. आज यांच्या मतासाठी येतात, उद्या यांना ओळखत नाहीत." वाडीत निवडणुकीची गाडी आली की ते हॉलचं दार लावून घ्यायचे.

मागच्या निवडणुकीत सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव निघालं. आणि तिथून सगळं फिरलं.

लडकूची मुलगी रूपाली कर्जतला कॉलेज करून आलेली. कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा वनहक्काचा अर्ज, सगळं तीच लिहून द्यायची. एका संध्याकाळी ती बापाला घेऊन हॉलमध्ये आली.

"पास्तर, मी सरपंचपदाला उभी र्‍हातेय. प्रार्थना करा माझ्यासाठी."

पास्टरांनी हातातलं बायबल मिटून माझ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "पोरी, बाईने पुरुषांवर अधिकार चालवावा असं शास्त्रात नाही. मी तुझ्यासाठी दुसरं काहीही मागेन. हे मागणार नाही."

"पण जागाच बाईची हाय, पास्तर! पुरुष उभा र्‍हाऊच शकत नाय. कोणतरी बाई व्हनारच ना?"

"मग ती आपल्यातली नसावी."

लडकूने मान खाली घातली. ज्या माणसाने आपल्याला मरणातून काढलं, त्याच्यापुढे तो काय बोलणार? रूपाली मात्र पदर सावरून सरळ बघत राहिली. "मी अर्ज भरनार," ती म्हणाली आणि निघून गेली.

चार दिवसांनी देवेशशेट आला. जमिनीचे व्यवहार करणारा माणूस, पंचायतीत त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. त्याने बूट बाहेर काढले, आत येऊन हात जोडले आणि माझ्या कडेवर कोपर टेकवून उभा राहिला. आजवर असं कुणी टेकलं नव्हतं.

"पास्टरसाहेब, बुधीला उभी करतोय आमी. तुमच्याच मंडळीतली हाय. गरीब विधवा, कुनाला उलटून बोलत नाय. तुमी रविवारी दोन शब्द सांगा. वाडीत नळ आनतो. तुमच्या हॉलपतूर पाइप."

"मी राजकारणात पडत नाही."

"पडू नका ना. तुमी फक्त देवाचं सांगा." मग त्याने वर पत्र्याकडे पाहिलं. "या हॉलचे कागद नाय ना झाले अजून? तक्रारी येतात हो वर. तुमी लोकांना बाटवता म्हनून बी येतात. मीच दाबून ठेवतो."

तो गेल्यावर पास्टर माझ्यापाशी आले. त्यांनी कुणाला बाटवलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. जो येईल त्याला ते वर्षभर थांबवून ठेवत, तीनतीनदा परत पाठवत. पण खरं असणं वेगळं आणि ते कचेरीत सिद्ध करणं वेगळं. चौदा घरांची ही एवढीच जागा. ती गेली तर?

त्या रविवारी देवेशने पाठवलेली चिठ्ठी त्यांनी माझ्या माथ्यावर ठेवली आणि वरती शास्त्र उघडून धरलं. डोळे चिठ्ठीवर होते. "बुधीबाई नम्र आहे. नम्र माणसाला देव उंच करतो. आपली सगळी मतं तिला जावीत ही देवाची इच्छा आहे," ते म्हणाले. ते शब्द माझ्यावरून समोरच्या माणसांपर्यंत गेले. मला ते अडवता आले असते, तर मी अडवले असते. पण लाकडाला तेवढंच जमत नाही.

डावीकडून एक बाई उठून चालू लागली. रूपाली होती ती.

ती एकोणीस मतांनी पडली. प्रार्थनेला येणारी चौदा घरं म्हणजे चाळीस-पन्नास मतं. हिशेब कुणीही करावा.

नळ काही आला नाही. दोन महिन्यांनी उपासना संपल्यावर देवेशचा माणूस कोरे कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला. "नळाच्या अर्जाला अंगठे पायजेत," म्हणाला. कागद त्याने माझ्यावर पसरले. लोकांनी पास्टरांकडे पाहिलं. पास्टर म्हणाले, "द्या." एकेक जण आला आणि माझ्यावर वाकून अंगठा उमटवून गेला. पॅड कलंडलं, शाई माझ्या सागात मुरली.

ते अंगठे नळासाठी नव्हते. न भरलेल्या ग्रामसभेची ती हजेरी होती आणि वर ठराव लिहिला गेला, की वाडीवरच्या झर्‍यालगतची जागा फार्महाऊसच्या प्लॉटला द्यायला गावाची हरकत नाही.

ऐन उन्हाळ्यात झर्‍याभोवती काटेरी तार आली. फाटक आलं, फाटकावर वॉचमन आला. अख्खी वाडी त्या झर्‍याचं पाणी पीत होती, जुन्या देवांची घरंही आणि आमचीही. पास्टरांनी सगळे बाप्तिस्मे तिथल्याच डोहात दिले होते. आता बायका हंडे घेऊन खालच्या ओढ्याकडे उतरू लागल्या. जायला-यायला दीड तास.

पास्टरांनी बुधीला हॉलमध्ये बोलावलं. "बुधीबाई, तुम्ही सरपंच आहात. हा ठराव रद्द करा."

बुधी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. "मला काय इचारता, पास्तर? शिक्का त्याच्या गाडीत हाय. मला तर बैठक कवा व्हती ते बी सांगत नाय. मी नको म्हनत व्हते. तुमी म्हनलात देवाची इच्छा हाय, म्हनून उभी र्‍हायले."

त्यानंतरच्या पहाटा मी कधी विसरणार नाही. पास्टर यायचे, कपाळ टेकवायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. सतरा वर्षांत पहिल्यांदा हॉलमध्ये पहाटेची शांतता होती. मी जमिनीला धरून उभा आणि ते मला धरून उभे. दोघांनाही हलता येत नव्हतं. बोलावं, तर हॉल जाणार, मंडळी फुटणार, बाटवल्याची तक्रार उठणार. गप्प राहावं, तर पाणी गेलेलंच आहे.

इकडे रूपाली गप्प बसली नव्हती. तिने तालुक्याला अर्ज दिला, ग्रामसभा झालीच नाही म्हणून. पण हजेरीवर अंगठे होते. ते कसे घेतले, हे सांगायला लोक घाबरत होते. एका सकाळी ती हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच.

"पास्तर, शुक्रवारी साहेब चौकशीला येनार हायेत. आमचं कोन ऐकनार नाय. तुमी सांगितलंत तर ऐकतील."

"मी सांगितलं तर इथे कुलूप लागेल, रूपाली."

"म्हाईत हाय मला." ती जरा थांबली. "तुमीच शिकवलंत ना, दर रविवारी साक्ष द्यायची? ती काय फक्त गोड गोष्टींची असते?"



शुक्रवारी साहेब आले. वाडीत दुसरी बांधलेली जागा नाही, म्हणून चौकशी हॉलमध्येच बसली. आमची माणसं आली, जुन्या देवांची माणसं आली, देवेश पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला. साहेबांनी विचारलं, "अंगठे कुठे घेतले?" कुणी बोलेना. मला ओरडावंसं वाटत होतं, माझ्यावर घेतले! बघा हे डाग!

पास्टर उठले. मला वाटलं, माझ्यामागे येतील. पण ते आले नाहीत. ते पुढे गेले आणि लोकांमध्ये, जमिनीवर गुडघे टेकून बसले.

"साहेब, लिहून घ्या. अंगठे इथे घेतले. नळाचा अर्ज म्हणून सांगितलं. लोक द्यायला तयार नव्हते, मी द्या म्हणालो म्हणून दिले. ग्रामसभा झाली नाही." मग ते साहेबांकडून लोकांकडे वळले. "आणि निवडणुकीच्या आधी देवाची इच्छा म्हणून मी जे वाचलं, ती देवेशशेटची चिठ्ठी होती. देवाचं नाव मी माझ्या भीतीला लावलं. मला क्षमा करा."

देवेश ताडकन उठला. "पास्टर, विचार करून बोलताय ना?"

"बरेच दिवस विचारच करत होतो. आता बोलतोय."

मग लडकू उठला, "माझा बी अंगठा हिथंच घेतला," म्हणाला. मग आमच्यातली भागी, मग चिमा. शेवटी बुधी पण उठली.

सगळे पांगल्यावर रूपाली मागे राहिली. "पास्तर, आन् बाईनं पुढारी व्हायचं नाय, त्ये?"

पास्टर थकून बसले होते. "खोटं कशाला सांगू? मंडळीच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे. पंचायतीबद्दल मात्र माझं चुकलं. आणि त्या दिवशी तुला अडवलं, त्यात शास्त्र किती होतं आणि माझा गर्व किती होता, हे मी अजून देवाला विचारतोय."

"काय सांगितलं त्यानं?"

"अजून काही नाही."

"विचारत र्‍हावा," रूपाली म्हणाली आणि तिने त्यांना हात देऊन उठवलं.

महिन्याभरात नवी ग्रामसभा झाली. साहेबांसमोर, हॉलपुढच्या बेहड्याच्या झाडाखाली. ठराव रद्द झाला. तार गुंडाळून टेंपोत भरताना झालेला खडखडाट मी इथे आत ऐकला. बायका हसत होत्या. तो हंड्यांचा आवाज, ते हसणं, सगळं मी ऐकलं.

आणि त्यानंतर तिसर्‍या आठवड्यात नोटीस आली. विनापरवाना बांधकाम. लोकांनी सतरंज्या नेल्या, ढोलकी नेली, शास्त्र नेलं. मी दारातून निघेना. मला आत आणून मगच दाराची चौकट बसवली होती, हे तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. सील करायला आलेले साहेब घाई करत होते. मग मला तसाच ठेवून कुलूप घातलं.

आता दर रविवारी उपासना झाडाखाली होते. पत्र्याच्या फटीतून मला थोडं दिसतं. पास्टर सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसतात. दोन-तीन घरं यायची बंद झाली आहेत, त्यांना पास्टरांचं खोटं सहन झालं असतं, पण कबुली सहन झाली नाही. बाकीचे येतात. मागच्या रविवारी पास्टरांचा चष्मा फुटला होता. त्यांनी शास्त्र रूपालीच्या हातात दिलं. काही बोलले नाहीत, नुसतं दिलं. तिने बसल्या जागेवरून वाचलं. वार्‍याने पानं फडफडत होती, आणि पुस्तक मांडीवर सावरताना तिची तारांबळ होत होती.

कधीतरी हे सील निघेल. कागद होतील, किंवा हॉल पाडतील. जो कुणी पहिल्यांदा आत येईल त्याला माझं एवढंच सांगणं आहे. मला चौकटीतून काढण्यासाठी दार फोडू नका. करवत आणा आणि माझे पाय कापा. चांगले आखूड, मी उभ्या माणसाच्या गुडघ्याच्याही खाली येईन इतके. मग मी सहज बाहेर निघेन. मला झाडाखाली नेऊन सतरंजीवर ठेवा. जमिनीवर बसलेल्या कुणाही माणसाला पुस्तक टेकवता येईल, एवढीच माझी उंची राहू द्या.